बघितलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं

सुट्टीच्या दिवशी कपडे धुणं, घरी फोन करणं सोडून एवढे जण जमलात. जास्त वेळ घेणार नाही.

आमच्या साइटवर एक शटरिंगचा सुतार दुसऱ्या मजल्यावरून पडला. कमरेला मार लागला, जीव वाचला. त्या रात्री कॅम्पात एकच बोलणं, "त्यानं बेल्टचा हुक लावलाच नव्हता." दुसऱ्या दिवशी चौकशीत मला विचारलं, "हुक न लावता तो किती वेळ काम करत होता?" मी सांगून टाकलं, "दहा-पंधरा मिनिटं." खाली सही केली.

खरं सांगतो, मी उभा होतो तिथून हुक दिसतच नव्हता. मुद्दाम खोटं बोललो नाही. रात्रभर ऐकलेलं तेच डोळ्यासमोर आलं. चूक त्याची ठरली, भरपाई अडकली. मी नंतर जबाब बदलून दिला, पण पहिल्या सहीचंच वजन जास्त पडलं.

असं का होतं, यावर अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यास केलाय. १९७४ साली त्यांनी आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता? सरासरी उत्तर आलं ३४ मैल. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर "आदळल्या" तेव्हा? उत्तर जवळजवळ ४१ मैल. फक्त एक शब्द बदलला होता. पुढच्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, काचा फुटलेल्या दिसल्या का? "आदळल्या" ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, "लागल्या" ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच.

कोर्टात याची किंमत मोठी असते. नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९८४ च्या एका बलात्काराच्या गुन्ह्यात पीडित तरुणीनं रोनाल्ड कॉटनला ओळखलं. तिला मनापासून खात्री होती. त्यानं दहा वर्षांवर तुरुंगात काढली. १९९५ साली डीएनए चाचणीनं तो निर्दोष ठरला. म्हणजे माणूस ठामपणे सांगतो म्हणून ते बरोबरच असेल असं नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली असं संशोधन तपासून, ओळख पटवणारी साक्ष कशी पारखायची याचे नियम बदलले.

आपण काम करतो तिथं असे नियम असतील-नसतील. आपल्या हातात आहे ते आपण करू.

अपघात झाला की आधी जखमीला मदत. मग चर्चा सुरू व्हायच्या आत, त्याच दिवशी, मराठीत लिहून काढा: मी कुठं उभा होतो, काय बघितलं, किती वाजले होते. दुसऱ्याकडून कळलेलं "ऐकलं" म्हणून वेगळं लिहा.

प्रश्नातच उत्तर भरलेलं असेल तर थांबा. "हुक लावला होता की नाही, मला दिसलं नाही," असं सरळ सांगा. "माहीत नाही" हेही उत्तरच आहे. त्यात कमीपणा नाही.

वाचता येत नाही त्या कागदावर सही करायच्या आधी दुभाषी मागा, जबाब वाचून घ्या. अटक झाली तर भारतीय वकिलातीला कळवा म्हणून सांगायचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे.

तो सुतार आता गावी आहे. मी कधीतरी फोन करतो. तो मला अजून "साहेब" म्हणतो, आणि मला काय बोलावं कळत नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून बोललो.