कुंडीतला मोगरा : त्याची माती आणि त्याचे खतपाणी

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीविषयी विद्वानांनी बोलावे, तेथे कुंडीतल्या मातीविषयी बोलावयास उभे राहणे हे धाडसाचेच काम आहे. त्यातून आम्ही कृषिशास्त्राचे पदवीधर नव्हे; साधे बी. ए. असून उभे आयुष्य केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात दुसऱ्यांच्या जमाखर्चातील चुका काढण्यात गेले. तथापि आज ज्या चुका सांगावयाच्या आहेत त्या आमच्या स्वतःच्या आहेत, एवढाच काय तो आमचा अधिकार. कुंडीतले रोप आणि परप्रांतातला मराठी माणूस ही उपमा आपल्या मंडळात इतक्या वेळा ऐकली आहे की आज ती आम्ही कटाक्षाने टाळणार आहोत. आज केवळ मातीविषयी.

आमची बदली बंगळूरला झाली ती २००९ साली. दोन वर्षांनी सांगलीचे घर बंद करून आमच्या मातोश्री कायमच्या आमच्याकडे आल्या. सामान थोडेच होते : देव, गोडा मसाल्याचा डबा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले मोगऱ्याचे रोप. परसातल्या विहिरीच्या कडेला चाळीस वर्षे फुललेल्या झाडाची ती फांदी होती. आमचे सरकारी घर तिसऱ्या मजल्यावर. मोकळी जागा म्हणाल तर पूर्वेची गॅलरी. मातोश्रींनी गॅलरीतून खालची तांबडी माती पाहिली आणि म्हणाल्या, "या विटकरीत मोगरा कसा यायचा रे? त्याला आपली माती हवी." झाले. पुढच्या रजेत आम्ही कृष्णाकाठच्या काळ्याभोर मातीची दोन पोती भरली आणि मिरजेहून राणी चन्नम्मा गाडीने बंगळूरला आणली. हमालाने पोते उचलताना आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आजही आठवते.

रोप दोन महिने टवटवीत होते. मग पाने पिवळी पडू लागली. पिवळे पान म्हणजे भूक, असा आमचा समज. म्हणून दर रविवारी चमचाभर युरिया देण्याचा क्रम आम्ही सुरू केला. पानांच्या कडा करपल्या, तेव्हा पाणी कमी पडते आहे असे वाटून पाणी वाढविले. संक्रांतीच्या आठवड्यात रोप गेले. कुंडी उपडी केली तो मातीची अखंड वीट बाहेर आली; मुळे काळी पडलेली, आणि वास तुंबलेल्या मोरीसारखा. मातोश्री रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तिकडं विहिरीपाशी कुणी बघतसुद्धा नव्हतं त्याला."

ते वाक्य आम्हांस फार लागले. ज्या मातीत चाळीस वर्षे फुलले त्याच मातीत सहा महिन्यांत मेले, हे काय गौडबंगाल, या एका प्रश्नामागे आम्ही पुढे वर्षभर हिंडलो. उत्तर सापडले ते मोठे साधे होते.

भांडी घासण्याचा चपटा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडे पाणी गळेल व थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, भोके तीच. फक्त उंची वाढली. सच्छिद्र पदार्थाच्या तळाशी काही उंचीपर्यंत पाणी अडकूनच राहते, आणि ती उंची त्या पदार्थाच्या कणांवर अवलंबून असते. कण जितके बारीक तितकी ती जास्त. शेतात ओल खाली हातच्या हात उतरत जाते, कारण खाली आणखी माती असते. कुंडीची माती मात्र वीतभर खोलीवर एकदम संपते. आपली काळी माती अत्यंत बारीक कणांची, पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. कुंडीत ती तळापासून जवळजवळ वरपर्यंत चिंब राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, ही गोष्ट शाळेत शिकूनसुद्धा आपण विसरतो. मोगरा उपाशी नव्हता. तो गुदमरत होता.

याच स्पंजावरून आणखी एक समज खोटा ठरतो. निचऱ्यासाठी तळाशी खडीचा वा ठिकऱ्यांचा थर द्यावा, असे आपल्या घराघरांतून सांगितले जाते. त्या थराने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. ते वरच्या मातीतच अडते, आणि कुंडीची उपयोगी खोली तेवढी कमी होते. भोकावर एक ठिकरी पालथी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून. बाकी खडी फेकून द्यावी. हे सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी, "मग इतकी वर्षे आमच्या आईने घातली ती काय उगीच?" असा प्रश्न केला होता. त्याचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही.

तेव्हा कुंडीतली माती ही शेतातून उचलावयाची वस्तू नसून जुळवावयाची वस्तू आहे. विलायतेतही हे उमगावयास वेळ लागला. तेथील माळी प्रत्येक झाडासाठी वेगळी माती करीत आणि ते प्रमाण गुपित ठेवीत. १९३० च्या दशकात जॉन इन्स संस्थेतील लॉरेन्स व न्यूवेल यांनी प्रयोग करून दाखविले की पोयट्याची माती सात भाग, पीट तीन भाग व जाड वाळू दोन भाग असे एकच मिश्रण बहुतेक झाडांना चालते. आपणास ते पीट मिळत नाही, आणि मिळवण्याचे कारणही नाही. कारण तुमकूर-तिपटूरचा नारळाचा मुलूख आपल्या उंबरठ्याशी आहे. काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात, तेच काम करतो.

आमचे हल्लीचे मिश्रण असे : बंगळूरची तांबडी माती दोन भाग, कोकोपीट दोन भाग, मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि जाड वाळू एक भाग, शिवाय बारा इंची कुंडीस मूठभर निंबोळी पेंड. मातोश्रींनी जिला विटकर म्हटले ती तांबडी माती येथे उपयोगी पडते, कारण तिच्यातील चिकणमाती काळ्या मातीसारखी फुगत नाही. मात्र ती एकटी भरली तर रोजच्या पाण्याने घट्ट बसते. कोकोपीटची पाच किलोची वडी भिजून साठ-सत्तर लिटर होते. ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे, कारण त्यात क्षार असतात. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ते सूक्ष्मजंतूंकरवी मुरवून 'अर्का' नावाने तयार केले आहे. ते मिळाल्यास उत्तम. वाळूचे म्हणाल तर आजकाल नदीची वाळू दुर्मिळ. यंत्राची वाळू मिळते तिच्यात दगडाची भुकटी फार. ती चाळून, धुऊन वरचे जाड तेवढे घ्यावे. न धुतलेली वाळू म्हणजे सिमेंटला आमंत्रण. एका रोपवाटिकेतून आम्ही एकदा तयार मिश्रणाची पिशवी आणली होती. तीत निम्मा कच्चा भुसा होता आणि पंधरा दिवसांत कुंडीला भूछत्रे आली. तेव्हापासून आम्ही मिश्रण घरीच करतो.

गॅलरीत कुंड्या ठेवणाऱ्यांनी वजनाचाही विचार करावा. ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे भरते. हे मिश्रण पुष्कळ हलके पडते.

आता पेंडीची हकीकत सांगावयास हवी. येथील बाजारात आम्ही 'पेंड' मागितली, कोणास समजली नाही. हातवारे करून सांगितल्यावर दुकानदार प्रसन्न मुद्रेने म्हणाला, "ओहो, हिंडी! हिंडी बेका सार?" आम्ही केंद्र सरकारचे नोकर, दर सप्टेंबरात हिंदी पखवाडा साजरा करणारे. आम्ही तत्काळ अस्खलित हिंदीत बोलू लागलो. बराच वेळ बोललो. कानडीत पेंडीलाच हिंडी म्हणतात, हे शेजारच्या गिऱ्हाइकाने समजाविले तेव्हा कोठे व्यवहार पुरा झाला. 'कडलेकाई हिंडी' म्हणजे शेंगदाण्याची पेंड, 'बेविन हिंडी' म्हणजे निंबोळीची. ही दोन नावे लिहून ठेवा.

आता खताकडे वळू. युरियाने आमचे रोप का करपले, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावले की काकडीला पाणी सुटते. बाहेर क्षार जास्त झाला की आतले पाणी बाहेर ओढले जाते. मुळांचेही तसेच. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. शेतात तो एकरभर विखुरतो, पाऊस त्याला खोलवर नेतो. कुंडीत चमचाभर युरिया दहा लिटर मातीत कोंडला जातो. रोपाच्या भोवती पाणी असूनही ते तहानलेले राहते, कडा वाळतात, आणि आम्हांसारखा शहाणा आणखी पाणी ओततो. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसू लागली की समजावे, खात्यात जमा फार झाली आहे.

म्हणून आमचा नियम थोडे, पण वरचेवर. नव्या मिश्रणात लावल्यावर सहा आठवडे काहीच देत नाही. पुढे दर पंधरा दिवसांनी एक खेप. शंभर ग्रॅम शेंगदाणा पेंड दोन लिटर पाण्यात तीन दिवस भिजवायची, आणि त्या पाण्यात दहापट साधे पाणी मिसळून कुंडीला लोटीभर घालायचे. वास येतो, शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवावेत. ज्यांना वास नको त्यांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या मानाने द्यावे. सेंद्रिय की रासायनिक, हा वाद आमच्याकडून ऐकण्याची अपेक्षा करू नये. मूळ नत्र घेते ते दोन्हींतून सारख्याच रूपात. फरक इतकाच की पेंड हळूहळू देते आणि माती मोकळी ठेवते, तर भुकटी लगेच देते आणि चुकीस क्षमा करीत नाही. दोहोंपैकी काहीही द्या, कोरड्या मातीत मात्र देऊ नका. आधी साधे पाणी, मग खत. आणि महिन्यातून एकदा नुसते पाणी इतके घाला की तळातून भरपूर वाहून जाईल आणि साठलेले क्षार धुऊन निघतील.

तांदूळ-डाळ धुतलेले पाणी मातोश्री रोज घालीत. त्यात पोषण थोडे असले तरी ते पाणी आहेच आणि फुकट आहे. चहाचा चोथा साखर धुऊन घालावा, नाहीतर मुंग्या होतात. केळीच्या सालींच्या पाण्याचे फार स्तोम माजले आहे. आम्हांस त्याचा विशेष गुण आला नाही.

पाणीही पाहावे. येथील विंधनविहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्याने मातीचा आंबटपणा जातो आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. नव्या पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा, अशी खूण दिसते. तेथे युरिया देऊन काही होत नाही, पावसाचे पाणी घालावे. २०२४ च्या मार्च महिन्यात पाणीटंचाई आली तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेस घालण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंड ठेवला होता. त्या उन्हाळ्यात आमच्या कुंड्या भाजी धुतलेल्या पाण्यावर आणि वरून पसरलेल्या वाळक्या पाल्याच्या थरावर जगल्या.

पाल्यावरून कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांची आठवण होते. गणिताच्या या प्राध्यापकाने 'प्रयोग परिवार' उभारून पालापाचोळा व सूर्यप्रकाश यांचा हिशेब सामान्य शेतकऱ्याच्या हाती दिला. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यापासून माती करून बाग फुलविली. येथे तर रस्त्यारस्त्यावर पर्जन्यवृक्षाचा बारीक पाला पडतो आणि आपले लोक तो जाळतात. तो सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरा, पोत्याला भोके पाडा, ओलसर ठेवा. पाच-सहा महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे खत होते.

ऋतूंचे थोडक्यात सांगतो. डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याला पाणी कमी, खत बंद. फेब्रुवारीच्या आरंभी छाटणी, वरची दोन इंच माती काढून नवे खत, आणि मग पंधरवड्याची खेप सुरू. येथे पाऊस मे महिन्यात येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा जोर धरतो. तेव्हा कुंडीखालच्या बशा काढून ठेवाव्यात. दर दोन वर्षांनी मिश्रण बदलावे, कारण कोकोपीट कुजून बसते आणि पुन्हा हवा कोंडते.

२०१२ च्या दिवाळीत सांगलीच्या शेजाऱ्यांनी विहिरीच्या कडेच्या त्याच झाडाची दुसरी फांदी पाठविली. ती आम्ही या मिश्रणात लावली. त्यात काळ्या मातीची एक ओंजळ मातोश्रींनी स्वतःच्या हाताने टाकली. प्रमाणात बसत नव्हती, पण आम्ही आक्षेप नोंदविला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी अकरा फुले आली. त्यांनी ती मोजली, नऊ देवांना वाहिली, एक सुनेच्या केसांत माळली आणि एक उशाशी ठेवले. २०१९ साली त्या गेल्या. मोगरा आता चौदा इंची कुंडीत आहे. माती पाच-सहा वेळा बदलली, ती ओंजळ केव्हाच धुऊन गेली असेल.

यंदाच्या छाटणीच्या फांद्या आम्ही रुजविल्या होत्या. त्यांपैकी चौदा रोपे जगली असून ती मागच्या टेबलावर ठेवली आहेत. प्रत्येक घरी एकच न्यावे, आणि सहा आठवडे त्याला काहीही खाऊ घालू नये.