चढाईचा सारथी

फुटबॉल हा शब्द कानी पडताच मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे पायाने लाथाडला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेतील विद्यापीठांत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, त्याचा चेंडू मात्र लांबट असून त्यात पायाचे काम थोडे व हाताचे अधिक असते. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी मैदानात उतरतात. चढाई करणाऱ्या पक्षास चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. तेवढे साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न साधले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. या चढाईचा जो सारथी त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. मध्यभागी उभा असलेला गडी चेंडू मागे देतो तो याच्या हाती, आणि पुढे काय करावयाचे याचा निर्णय बहुधा यालाच करावा लागतो. चेंडू धावणाऱ्या सोबत्यास द्यावा, दूरच्या गड्याकडे फेकावा, की स्वतःच घेऊन पळावे, या तीन वाटांपैकी एक त्याने दोनतीन क्षणांत निवडावयाची असते. आणि तीही अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांच्या देखत.

अशा गड्याची निवड करताना सामान्य प्रेक्षक विचारतो, ‘सर्वांत गुणी कोण?’ जाणत्या शिक्षकाचा प्रश्न याहून निराळा असतो. तो विचारतो, ‘कोणत्या कामासाठी गुणी?’ कारण चढाईच्या पद्धती अनेक आहेत. एका पद्धतीत क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी नेतो व प्रतिपक्षाच्या कडेच्या, मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या गड्यावर नजर ठेवतो. तो गडी धावणाऱ्याकडे वळला तर चेंडू स्वतःजवळ ठेवावयाचा, जागीच थांबला तर देऊन टाकावयाचा. येथे चपळ पाय व थंड डोके यांचे मोल मोठे. दुसऱ्या पद्धतीत सोबती मोकळा होण्यापूर्वीच, तो जेथे पोहोचणार त्या जागी चेंडू फेकावा लागतो. तेथे पायांपेक्षा दृष्टी, अंदाज व फेकीची अचूकता यांची कसोटी लागते. फार काय, फेकणारा डावखुरा असेल तर त्याची पाठ उजव्या अंगास पडते आणि त्याच्या रक्षणाचा मुख्य भारही त्या बाजूच्या गड्यावर येतो. एक माणूस बदलला की सारी रचना थोडीफार हलते, ती अशी.

टेक्सास विद्यापीठात 1968 साली जे घडले ते या दृष्टीने बोधप्रद आहे. डॅरेल रॉयल या शिक्षकाने त्या वर्षी धावण्यावर भर देणारी, ‘विशबोन’ नावाची नवी रचना स्वीकारली. त्याचा क्वार्टरबॅक बिल ब्रॅडली हा राज्यभर गाजलेला खेळाडू होता. तरीही पहिला सामना बरोबरीत सुटला व दुसऱ्यात हार झाली. रॉयलने ब्रॅडलीस बाजूस सारून जेम्स स्ट्रीट या त्या मानाने अप्रसिद्ध तरुणाच्या हाती चढाई सोपविली. पुढे टेक्सासने लागोपाठ तीस सामने जिंकले. त्यांतील वीस सामन्यांत आरंभापासून स्ट्रीट खेळला. स्ट्रीट हा ब्रॅडलीहून थोर खेळाडू होता असे याचे तात्पर्य नव्हे. ती रचना स्ट्रीटच्या हातात बसली, एवढेच खरे. ब्रॅडली बचावाकडे वळला, आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रतिपक्षाचे फेकलेले चेंडू अधांतरी हिरावून घेण्यात 1971 व 1972 अशी लागोपाठ दोन वर्षे तोच अग्रेसर ठरला.

निवड झाली म्हणजे शिक्षकाचे काम संपले असे मात्र नाही. मोसमात विद्यार्थी-खेळाडूंस आठवड्यास वीस तासांहून अधिक काळ सक्तीच्या सरावात गुंतवू नये असा नियम आहे. त्या मोजक्या वेळात पहिल्यास जितके अधिक खेळवावे तितके दुसऱ्याच्या वाट्यास कमी उरते. म्हणूनच ‘ज्याच्याजवळ दोन क्वार्टरबॅक त्याच्याजवळ एकही नाही’ अशा अर्थाची एक म्हण तिकडे रूढ आहे. परंतु तिच्यावर सर्वस्वी विसंबणाराही फसतो. ओहायो स्टेट विद्यापीठाचा पहिला क्वार्टरबॅक 2014 च्या मोसमापूर्वीच जायबंदी झाला, दुसरा मोसमाच्या अखेरीस. उरला तिसरा, कार्डेल जोन्स. त्याने विस्कॉन्सिनवर 59-0 असा विजय मिळवून दिला, मग अलाबामास व शेवटी 12 जानेवारी 2015 रोजी ओरेगॉनला नमवून राष्ट्रीय अजिंक्यपद आणले. तिसऱ्या गड्यासही कोणीतरी नेटाने शिकविले होते, म्हणूनच हे साधले.

या साऱ्या प्रश्नांची गाठ एका सामन्यात पडली. 8 जानेवारी 2018 रोजी अटलांटा येथे अलाबामा व जॉर्जिया यांच्यात अजिंक्यपदाचा सामना झाला. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स पहिल्या वर्षापासून ती जागा सांभाळीत होता व त्याच्या हाताखाली संघ क्वचितच हरला होता. त्या रात्री मात्र पूर्वार्धात त्याच्या आठ फेकींपैकी तीनच साधल्या आणि जॉर्जियाने 13-0 अशी आघाडी घेतली. मध्यंतरात निक सेबन या शिक्षकाने हर्ट्सला बसविले आणि टुआ टागोव्हायलोआ या हवाई बेटांतून आलेल्या, पहिल्या वर्षाच्या डावखुऱ्या मुलास उतरविले. हर्ट्सचे बळ धावण्यात होते. जॉर्जियाने ती वाट बुजविली होती. आता दूर फेकणारा हवा होता.

उत्तरार्धात टुआची एक फेक प्रतिपक्षाच्या हाती गेली. येथे सेबनची खरी परीक्षा होती. निवड केली आणि पहिल्याच चुकीला ती मागे घेतली, तर दोन्ही मुलांचा आत्मविश्वास गेला असता. सेबनने टुआला राहू दिले. सामना 20-20 असा बरोबरीत येऊन वाढीव खेळात गेला. जॉर्जियाने तीन गुण मिळविले. अलाबामाच्या पहिल्याच प्रयत्नात टुआ सोळा यार्ड मागे पाडला गेला. दुसऱ्या प्रयत्नात त्याने एक्केचाळीस यार्ड दूर डेव्होंटा स्मिथकडे चेंडू फेकला आणि अलाबामाने 26-23 असा सामना जिंकला.

त्या क्षणी सोबत्यांबरोबर हर्ट्सही आनंद करीत होता. पुढच्या मोसमात जागा टुआकडे गेली. सव्वीस सामने जिंकून दिलेल्या तरुणास दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरणे सहज शक्य होते. पण तो थांबला व सराव करीत राहिला. 1 डिसेंबर 2018 रोजी, त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआच्या घोट्यास दुखापत झाली. अलाबामा 28-21 असे मागे होते. हर्ट्स आत आला. त्याने एका फेकीने बरोबरी साधून दिली आणि अखेरीस स्वतः पंधरा यार्ड धावून विजयाचे गुण मिळविले. सामना 35-28 असा सुटला. त्याच महिन्यात पदवी घेऊन तो ओक्लाहोमास गेला. तेथील चढाई त्याच्या पायांस व हातांस सारखाच वाव देणारी होती, आणि 2019 सालच्या हायझमन पारितोषिकाच्या मतदानात तो दुसरा आला. फेब्रुवारी 2025 मध्ये व्यावसायिक अजिंक्यपदाच्या सामन्यात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सेबनने हर्ट्सला बसविले ते योग्य होते काय, असा वाद अद्याप रंगतो. निकालाने त्याचे उत्तर दिले असे म्हणता येईल, पण अर्धेच. दुसरे अर्धे उत्तर अकरा महिन्यांनी मिळाले. बाजूस सारलेला मुलगा त्या अवधीत शिकत राहिला व त्यास शिकविले जात राहिले, म्हणून हाक येताच तो सिद्ध होता. महाविद्यालयातील शिक्षक व्यावसायिक संघाच्या व्यवस्थापकाहून निराळा असावयास हवा तो येथेच. त्याच्या हाती असलेली मुले अठरा-वीस वर्षांची असतात आणि चार-पाच वर्षांत त्यांचा तेथील खेळ संपतो. कोणास खेळवावे हे तो एका मध्यंतरात ठरवू शकतो. ज्यास खेळविले नाही त्यास कसे वागवावे हे त्यास रोज ठरवावे लागते. क्वार्टरबॅकची निवड करणाऱ्याने पहिल्याचे नाव पुकारण्यापूर्वी दुसऱ्याशी काय बोलावयाचे याचाही विचार करून ठेवावा, हेच बरे.