आबा, तुम्हाला काय आवडायचं?

(सोलापुरात वसतिगृहातल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल दुपारी म्हैसूरला गोलगुंबझ एक्सप्रेसमध्ये बसलो आणि आज सकाळी इथं उतरलो. परत जाताना माझ्या बॅगेत दहा किलो ज्वारीचं पीठ असेल. तिकडं नाचणीचे मुद्दे खातात. आता मला तेही आवडतात, पण भाकरी ती भाकरी.

मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. आयटीआय करून नोकरीला लागलो आणि नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालो. घरातला पहिला पदवीधर. तेव्हा घरात पेढे वाटले. पण एक्केचाळिसाव्या वर्षी मी इग्नूच्या सर्जनशील लेखनाच्या पदविकेला नाव घातलं, तेव्हा आबांनी फोनवर विचारलं, "ह्यानं पगार वाढतो का?"

"नाही."

"मग बढती?"

"तीही नाही."

"मग कशाला रं?"

आबांनी मार्केट यार्डात पोती उतरवून आम्हाला शिकवलं. त्यांनी तो प्रश्न विचारायलाच हवा होता. मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यातलं कुणी उद्या चित्रकला, नाटक, गाणं शिकायचं म्हणेल, तेव्हा घरून हाच प्रश्न येईल. म्हणून आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आधी माझा दिवस सांगतो. पाचला उठतो. कामावर जायच्या आधी पाऊण तास वही माझी असते. हा अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे. त्यात लेख, कथा, कविता, रेडिओ-टीव्हीसाठीचं लेखन असे भाग आहेत. मी विचार मराठीत करतो, बाजार कन्नडमध्ये करतो आणि स्वाध्याय इंग्रजीत लिहितो. माझी मुलगी नववीत आहे, ती माझं इंग्रजी तपासते. चूक सापडली की तिला आनंद होतो आणि तिचा आनंद बघून मला. आमच्या घरात बापाची वही लेकीनं तपासायची ही पहिलीच वेळ.

सुट्टीच्या दिवशी कुक्करहळ्ळी तलावावर जातो. शेजारीच मानसगंगोत्री, म्हैसूर विद्यापीठाचा परिसर. मी तिथला विद्यार्थी नाही, पण बाकावर बसून लिहायला कुणी ओळखपत्र मागत नाही. येताना देवराज मार्केटमध्ये बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा घेतो. फुलवाल्या बाई कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हातावर माळ मोजतात. एकदा स्वाध्यायात एखाद्या कामाचं बारीक वर्णन करायचं होतं, तेव्हा मी ह्या मोजण्याचंच केलं. तीन रविवार त्यांच्या हाताकडं बघत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "काय अण्णा, माप कमी वाटतंय का?" मी वही दाखवली. त्या हसल्या आणि दोन बोटं माळ जास्त दिली.

आम्ही अशोकपुरम भागात राहतो. पूर्वी ह्या वस्तीला आदि कर्नाटकपुरम म्हणायचे, आपल्याच लोकांची मोठी वस्ती. घर शोधताना दुसरीकडं दोन ठिकाणी भाडं किती ते सांगायच्या आधी 'तुम्ही काय खाता' हे विचारलं गेलं. इथं ते कुणी विचारलं नाही. रविवारी सुकट भाजली तर शेजारच्या अक्का वास घेत दारात येतात. खिडक्या उघड्या ठेवून सुकट भाजता येणं हे केवढं सुख आहे, हे ज्यानं कधी खिडक्या लावून भाजली असेल त्यालाच कळेल.

आता मुद्द्याचं. मध्यंतरी एका लेखन शिबिराला गेलो होतो. तिथं मी सुकटीवर, त्या उघड्या खिडकीवर दोन पानं वाचली. मार्गदर्शकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. पण ह्यात तुमचा संघर्ष कुठंय? तुमच्याकडून आम्हाला तो हवा." बाकीच्यांना त्यांनी पाऊस, आजोळ, पहिलं प्रेम ह्यांवर लिहायला सांगितलं होतं. मला संघर्ष. मी काही बोललो नाही. पानं घडी करून खिशात ठेवली आणि पुढचे पंधरा दिवस वही उघडली नाही.

ह्या म्हैसूर शहराचा एक इतिहास आहे. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातले दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा इथल्या एका कार्यक्रमात म्हणाले की कन्नड साहित्यातलं बरंचसं 'बूसा' आहे. बूसा म्हणजे गुरांपुढं टाकतात तो कोंडाभुसा. राज्यभर गदारोळ झाला. दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं. पण त्याच धगीतून तिकडचे तरुण दलित लेखक, कार्यकर्ते एकत्र आले आणि पुढं दलित संघर्ष समिती उभी राहिली. त्या पिढीतले देवनूर महादेव म्हैसूरमध्येच राहतात. त्यांची 'कुसुमबाले' १९८४ ची, नंजनगूडकडच्या आपल्या माणसांच्या बोलीत लिहिलेली. १९९० ला तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी ती एकेक अक्षर लावत वाचतोय. दिवसाला एक पानही होत नाही, पण घाई कुणाला आहे?

बसवलिंगप्पांच्या काळी प्रश्न असा होता की पुस्तकांत आपलं जगणंच नव्हतं. आता आहे. पण मागणारे त्यातलं अर्धंच मागतात.

माझा गैरसमज करून घेऊ नका. 'बलुतं' नसतं, 'अक्करमाशी' नसतं, तर मी हातात पेन धरलं नसतं. त्या लोकांनी जखम उघडी करून दाखवली, म्हणून आज मी सुकटीवर लिहू शकतो. आणि ती पुस्तकं नीट वाचा. फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलं. ते लिखाण सुमारे वीस वर्षं लपलेलं राहिलं. त्या 'जिणं आमुचं'मध्ये उपासमार आहे, मार आहे, आणि आषाढ महिन्यात महारवाड्यात चालणारी सारवण, आंघोळी आणि गोडधोडाचा आनंदही आहे. शाहू पाटोळ्यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या आपल्या चुलीवरचं सगळं नोंदवून ठेवलं. म्हणजे आपल्या लेखकांनी सुख लिहिलंय. वाचणारे ते पान उलटून पुढं जातात.

आणि बाबासाहेब. त्यांच्याएवढं काम कुणाला होतं? तरी त्यांना चांगल्या पेनांचा शौक होता, पुस्तकांचा तर होताच, कुत्र्यांचा होता आणि उतारवयात ते व्हायोलिन शिकले. त्यानं कुठला पगार वाढणार होता?

हे सगळं मनात घोळत असताना एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मीही त्या मार्गदर्शकांसारखाच आहे. आबांचे कष्ट मला तोंडपाठ आहेत. किती किलोचं पोतं, किती पायऱ्या, कुठल्या साली पाठ धरली, पाठीला लावायच्या तेलाचा वास कसा, सगळं सांगतो. पण त्यांना काय आवडायचं? मला एक गोष्ट सांगता येईना. बेचाळीस वर्षांचा झालो तरी मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं.

मी फोन लावला. "आबा, यार्डात असताना तुम्हाला काय आवडायचं?"

ते बराच वेळ बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "दुपारी गाडी खाली झाली की रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर उताणा पडायचो. वर पत्र्याला भोक होतं. त्यातनं उन्हाचा रुपया पडायचा पोटावर. तो सरकत सरकत थप्पीच्या खाली गेला की उठायचं. तोवर कुणी हाक मारली तरी ओ द्यायचो नाही."

मागून आईचा आवाज आला, "मला नाही कधी सांगितलं ते!" मग आईनं फोन घेतला. विड्या वळताना रेडिओवर आवडतं गाणं लागलं की तिचा हात जलद चालायचा आणि हजार विड्या कधी झाल्या ते कळायचं नाही, हे तिनं सांगितलं. अर्धा तास दोघं बोलत होते. मी लिहून घेत होतो.

ते मी स्वाध्यायात लिहिलं. मग मराठीत करून आबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी फक्त एक दुरुस्ती सांगितली, "भोक नव्हतं ते. खिळ्याची जागा होती. खिळा निघालेला." मी दुरुस्त केलं. त्यानंतर त्यांनी मला पगाराचं विचारलेलं नाही. कधी कधी तेच फोन करतात आणि म्हणतात, "अजून एक आठवलं, लिही."

तर आबांच्या "कशाला"चं माझं उत्तर असं, की कष्ट करणारा माणूस नुसता कष्ट नसतो. आपल्या आईबापांना जगानं हात-पाय म्हणून मोजलं. आपणही त्यांना फक्त त्याग म्हणून मोजलं, तर त्यांचा तो उन्हाचा रुपया कुणाच्याच हिशेबात येणार नाही.

तुम्ही लेखक व्हा असं मी म्हणत नाही. स्पर्धा परीक्षा द्या, नोकरी करा, घरचं कर्ज फेडा. पण आज रात्री घरी फोन कराल, तेव्हा पैसे पोचले का, तब्येत कशी, हे विचारून झालं की आणखी एक विचारा, "तुम्हाला काय आवडायचं?" ते गप्प बसले तर फोन ठेवू नका. थांबा. आणि काय सांगतात ते वहीत लिहून ठेवा, तारीख घालून.

जय भीम.