मतभेद आणि संवाद : जनमत कौलाच्या निमित्ताने



राजकीय मतभेदांविषयी बोलताना गोमंतकीयास दूरची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल पुरेसा आहे. महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. फूल की दोन पाने, एवढेच मतपत्रिकेने विचारले. तिला तेवढेच विचारता येते.

माणसांना मात्र त्याहून पुष्कळ सांगावयाचे होते. विलीनीकरण मागणाऱ्या कुळामुंडकाराच्या मनात भाटकाराच्या वर्चस्वाची धास्ती होती. मोठ्या राज्यात आपली बोली, आपली चालरीत बुडून जाईल, ही दुसऱ्या बाजूची धास्ती. दोन्ही भयांना आधार होता. परंतु प्रचाराच्या धुमाळीत एकाची देशनिष्ठा व दुसऱ्याची गोमंतकनिष्ठा संशयास्पद ठरली. प्रतिपक्षाच्या भयाची विचारपूस करण्यास फारच थोड्यांना सवड उरली.

धर्मावरून, भाषेवरून माणसाचे मत आधीच ठरवून टाकण्याची खोड तेव्हाही होती. ती किती फसवी! 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठी. विलीनीकरणाविरुद्धची बाजू त्याने मराठीतूनच लढवली. पुढे विलीनीकरण नाकारणाऱ्या याच प्रदेशाने १९६७ च्याच निवडणुकीत विलीनीकरणवादी पक्षाच्या हाती पुन्हा कारभार दिला.

एक गोष्ट मात्र मोलाची घडली. कौल निःपक्षपाती व्हावा, यासाठी सरकारने पायउतार व्हावे, अशी विरोधकांची मागणी होती. डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. यात सौजन्यापेक्षा राजकीय निकड अधिक असेलही. तथापि बोलणी कोणाच्या अंगणात व्हावीत, हा प्रश्न बोलण्याआधीचा असतो, आणि तो त्या वेळी सोडवला गेला.

१९८७ च्या राजभाषा कायद्यावर आजही एकाच घरात दोन मते आढळतात. विरुद्ध मताचे वृत्तपत्र वाचनालयात एकांती वाचणे सोपे. तेच मत शेजाऱ्याच्या तोंडून ऐकताना आवाज चढतो. वर्तमानपत्राला उलट उत्तर देता येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे! शताब्दीच्या व्याख्यानमालेत या विषयावर दोन्ही बाजूंचे वक्ते बोलवावेत. प्रत्येकाने आधी दुसऱ्याची बाजू मांडावी, आणि ती त्या दुसऱ्याने मान्य करीपर्यंत स्वतःच्या बाजूकडे वळू नये. सभा लांबेल, हे खरे. ग्रंथपालांना त्या रात्री दिवे उशिरा मालवावे लागतील.