आवाजाचीं पुडकीं

संभाषण संपेपर्यंत दोघांसाठीं एक वाट राखून ठेवावयाची, ही जुन्या दूरध्वनीची रीत. आजच्या मोबाइलमध्यें आवाजाचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून त्यांचीं पुडकीं बांधतात. प्रत्येकावर पत्ता व अनुक्रमांक असतो आणि पलीकडे तीं पुन्हां जुळविलीं जातात.

दक्षिण कोरिया व अमेरिका येथें ही पद्धत २०१२ सालीं सुरू झाली. भारतांत जिओनें ती २०१६ सालीं आणली. २०१९ च्या डिसेंबरांत एअरटेलनें दिल्लींत वाय-फायवरूनहि बोलण्याची सोय केली. जाड भिंतींच्या घरांत, जेथें मनोऱ्याच्या लहरी क्षीण होतात, तेथें हा मोठाच आधार.

मात्र वीज गेली कीं राउटर थांबतो, आणि ११२ ला हांक मारण्याची निकड अशा वेळींहि येऊं शकते. यास्तव राउटरला बॅटरीची जोड असावी, आणि कोणत्या खिडकीशीं मनोऱ्याची लहर मिळते हें घरांतील मुलांनाहि ठाऊक असावें.