मी गेलो आणि मी जायचो
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



परदेशी भाषांच्या शिक्षणाविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी चालकांची इच्छा आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून स्पॅनिश भाषेच्या व्याकरणातला एकच प्रश्न घेतो. या भाषेत दोन मुख्य भूतकाळ आहेत. त्यांपैकी कोणता कुठे वापरायचा? शिकणाऱ्याला हा प्रश्न फार छळतो. व्याकरणाचे नाव ऐकताच काही विद्यार्थी दाराकडे पाहू लागले आहेत. त्यांनी धीर धरावा. या प्रश्नाचे निम्मे उत्तर ते घरूनच घेऊन आले आहेत.

स्पॅनिश ही स्पेनची आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सुमारे २० देशांची भाषा आहे. आपल्याला ती अगदीच परकी नाही. इ. स. ७११ मध्ये मुसलमान फौजा स्पेनच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि १४९२ मध्ये ग्रॅनाडाचे शेवटचे मुस्लिम राज्य संपले. मधल्या काळात कितीतरी अरबी शब्द त्या भाषेत मुरले. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ म्हणतात, उशीला ‘आल्मोआदा’. ‘असे झाले तर किती बरे’ म्हणताना स्पॅनिश माणूस ‘ओहाला’ म्हणतो. अल्लाहची इच्छा असेल तर, अशा अर्थाच्या अरबी बोलातून तो शब्द आला आहे.

आता मूळ प्रश्न. ‘जाणे’ या क्रियापदाची दोन रूपे घ्या. ‘फुई’ म्हणजे मी गेलो. ‘इबा’ म्हणजे मी जात होतो, किंवा मी जायचो. पहिल्या काळात क्रिया सुरू होऊन संपलेली, कुंपण घातलेल्या शेतासारखी एका नजरेत दिसते. दुसऱ्या काळात आपण त्या शेताच्या मध्ये उभे असतो. बांध दिसत नाही. चालू असलेली क्रिया, नेहमीची सवय, वर्णन, मनाची स्थिती हे सगळे दुसऱ्या काळात येते.

एक प्रसंग पाहा. रात्र होती, पाऊस पडत होता, आई भाकरी थापत होती. इतक्यात दार वाजले. पहिल्या तीन गोष्टी स्पॅनिशमध्ये दुसऱ्या काळात सांगतात, कारण त्या कथेची पार्श्वभूमी आहेत. दार वाजणे मात्र पहिल्या काळात, कारण तिथे कथा एक पाऊल पुढे जाते.

एका हुशार विद्यार्थ्याने निबंधात ‘लहानपणी मी रोज नदीवर जायचो’ असे लिहायला घेतले आणि ‘फुई’ लिहून बसला. मी विचारले, असे का? तो म्हणाला, “सर, इंग्रजीत ‘आय वेन्ट’ होते ना!” चूक इथेच होती. इंग्रजीत ‘काल गेलो’ आणि ‘रोज जायचो’ या दोहोंसाठी ‘वेन्ट’ चालते. तो घरच्या भाषेतून निघाला असता तर ‘जायचो’ या शब्दानेच त्याला ‘इबा’कडे नेले असते. उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘गया’ आणि ‘जाता था’ हा फरक शाळेत जाण्याआधीच असतो. अरबीतही ‘काना’ लावून जुनी सवय किंवा चालू असलेली क्रिया सांगतात. तीन भाषा ज्या गोष्टीकडे बोट दाखवीत होत्या, ती सोडून आमचा विद्यार्थी चौथीच्या मागे गेला.

आणखी एक गंमत. आपण ‘मला ठाऊक होते’ आणि ‘मला कळले’ असे दोन निराळे शब्द वापरतो. स्पॅनिशमध्ये क्रियापद एकच. ‘साबीआ’ म्हटले की ठाऊक होते, ‘सुपे’ म्हटले की कळले. तसेच ‘कोनोसीआ’ म्हणजे मी त्याला ओळखत होतो आणि ‘कोनोसी’ म्हणजे त्याची-माझी ओळख झाली. काळ बदलला की अर्थ बदलतो. ‘आजोबा वारले’ यासाठी ‘मुरिओ’ हवे. तिथे ‘मोरीआ’ लिहिले तर आजोबा अजून शेवटच्या घटका मोजीत आहेत, असे वाचणाऱ्याला वाटेल!

पण सावध राहा. घरची भाषा सगळीकडे पुरत नाही. पुष्कळांना वाटते की क्रिया फार काळ चालली की दुसरा काळ घ्यावा. हे चूक आहे. ‘मुसलमानांनी ग्रॅनाडावर अनेक शतके राज्य केले’ या वाक्यात पहिला काळ येतो: ‘गोबेर्नारोन’. शतके लोटली तरी दोन्ही टोके बांधलेली आहेत. उलट ‘आठ वाजता मी जेवत होतो’ यात घटकाभराची गोष्ट, तरी काळ दुसरा. तीच गोष्ट मोजणीची. ‘मी तीन वेळा गेलो’ म्हटले की पहिला काळ. ‘दिवसातून तीनदा जायचो’ म्हटले की दुसरा.

मराठी अडखळते ती ‘होता’पाशी. ‘ते उंच होते’ आणि ‘ते तीस वर्षे शिक्षक होते’, दोन्हीकडे आपण ‘होते’च म्हणतो. स्पॅनिशमध्ये पहिल्या वाक्यात ‘एरा’ आणि दुसऱ्यात ‘फुए’, कारण तीस वर्षांचा हिशेब पूर्ण झाला आहे. अशा ठिकाणी स्वतःला विचारावे: मी ही गोष्ट बांधावरून पाहतो आहे की आतून?

पाठांतराचे म्हणाल तर दुसरा काळ सोपा आहे. त्यात अनियमित क्रियापदे फक्त तीन: असणे, जाणे आणि पाहणे. पहिल्या काळात अनियमित रूपे पुष्कळ. ती रोज थोडी थोडी घोकावीच लागतात, त्याला इलाज नाही.

पालकांना शेवटी एक विनंती. “आमच्या मुलाचे इंग्रजी कच्चे आहे, त्याला आणखी एक परदेशी भाषा कशी झेपणार?” असे बरेच वडील विचारतात. इंग्रजी अवश्य शिकवा. तिच्यावाचून आज पुढे जाता येत नाही. पण घरात उर्दू, शाळेत मराठी आणि सकाळी मदरशात अरबी अक्षरे गिरवणारे मूल रिकाम्या हाताने वर्गात येत नाही. घरच्या बोलीची त्याला लाज वाटू देऊ नका. जे मूल ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांतला फरक जाणते, त्याला स्पॅनिशच्या दोन भूतकाळांची अर्धी वाट चालून झालेली आहे. उरलेली अर्धी मेहनतीची आहे, आणि मेहनतीला आमची मुले कधी कमी पडलेली नाहीत.