आधी विचारा, मग हात द्या
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आत्ता मला इथे आणताना एका भावाने प्रेमाने मागून माझे दोन्ही खांदे धरले आणि मला पुढे सरकवत आणले. त्याच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण समोर पायरी आहे हे मला बोट ठेचल्यावर कळले. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. आंधळ्या माणसाला ढकलू नका, ओढू नका. आधी विचारा, "सोबत येऊ का?" तो हो म्हणाला तर आपला कोपर त्याच्या हाताला लावा. तो कोपराच्या वर धरील आणि अर्धे पाऊल मागे चालेल. तुमचे अंग वर गेले की त्याला चढ कळतो, खाली गेले की उतार कळतो. पायरी आली की क्षणभर थांबा आणि 'वर' की 'खाली' एवढेच सांगा.

मी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. लहानपणी दिवस मावळला की मला दिसेनासे व्हायचे. घरचे म्हणत, रातांधळेपणा आहे, पालेभाजी खा. 'अ' जीवनसत्त्व कमी पडल्याने रातांधळेपणा येतो हे खरेच आहे, आणि लहान मुलांना त्याचे डोस जरूर द्या. पण माझा आजार डोळ्याच्या आतल्या पडद्याचा होता. आधी रात्रीचे गेले, मग बाजूचे गेले, आणि तिसाव्या वर्षी समोरचेही गेले.

त्यानंतर चार वर्षे मी खाटेवर बसून काढली. बायको ताट हातात द्यायची, आंघोळीचे पाणी काढून द्यायची, शौचाला हात धरून न्यायची. कोणी मला वाईट वागवले नाही. पण मला काही करूही दिले नाही, आणि मीही मागितले नाही.

एका दिवशी बायकोला जोराचा ताप भरला. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेले. घरात मी आणि आमचा दीड वर्षाचा मुलगा. दुपार झाली, पोर भुकेने रडू लागले. भाकर शिंक्यात होती. शिंके माझ्या खाटेपासून चार पावलांवर होते, आणि माझ्याच घरात मला ते सापडले नाही. मी भिंत चाचपली, पाण्याचा हंडा सांडला, चुलीपाशी हात भाजला. पोर रडून रडून झोपले. त्या दिवशी मला आंधळेपणापेक्षा त्या चार वर्षांचे जास्त दुःख झाले.

पुढच्या महिन्यात आपल्या कामातले एक भाऊ आमच्याकडे आले. ते स्वतः आंधळे होते, एसटीने एकटे आले होते. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, पण त्याआधी मला विचारले की तुला काय हवे आहे. यरीहोच्या वाटेवर बार्तीमयालाही प्रभूने हेच विचारले होते. तो आंधळा आहे हे दिसत असतानाही विचारले. मी म्हणालो, "मला भाकर शोधता आली पाहिजे." ते तीन दिवस राहिले. त्यांच्याकडून आणि नंतर माझ्या चुकांतून जे शिकलो ते आज सांगतो. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, घरात वस्तूची जागा ठरलेली हवी. विळा, तांब्या, काडेपेटी, जे जिथून घेतले तिथेच ठेवायचे. हा नियम आंधळ्यासाठी नाही, घरातल्या डोळसांसाठी आहे. दार पूर्ण उघडे ठेवा किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट दारावर माझे कपाळ किती वेळा आपटले, मोजता येणार नाही.

सारख्या डब्यांना खूण करा. आमच्या घरी मिठाच्या डब्याला एक रबर आहे, साखरेला दोन आहेत, सोड्याला सुतळी बांधली आहे. पिकावर फवारायचे औषध मात्र घरात ठेवूच नका. गोडेतेलाच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नका. खूण असली तरी हात चुकू शकतो, आणि इथे चूक जिवावर बेतते.

पाणी ओतताना भांड्याच्या काठाला बोटाचे टोक आत लावा, पाणी बोटाला लागले की थांबा. गरम चहाला हे करू नका. त्याचा आवाज आणि भांड्याचे वजन ओळखायला शिका. चुलीपाशी सैल कपडा नको, पदर खोचून घ्यावा. भांडे आधी चुलीवर बसवावे, मग जाळ करावा. ताट वाढताना घड्याळ डोक्यात ठेवा. भात सहावर, डाळ बारावर, मिरची तीनवर. ज्याला घड्याळ माहीत नाही त्याला सांगा, भात तुझ्या पोटाकडे, डाळ समोर, मिरची जेवत्या हाताला.

अंगणातून संडासापर्यंत आणि हातपंपापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी बांधा. मला पहिले स्वातंत्र्य त्या दोरीने दिले. पावसाळ्यात तिची गरज जास्त असते. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की बाकीचे आवाज बुडतात, आणि चिखलात पायवाट पायाला लागत नाही.

बाहेर पडायला पांढरी काठी हवी. जमिनीवर उभी धरली की छातीच्या हाडापर्यंत यावी. डावा पाय पुढे टाकताना काठी उजवीकडे टेकवायची, उजवा टाकताना डावीकडे. म्हणजे पुढचा पाय जिथे पडणार ती जागा काठीने आधीच पाहिलेली असते. घडीची काठी मिळाली नाही तर बांबूला पांढरा रंग द्या. वाट कानाने आणि नाकानेही ओळखता येते. पिठाची गिरणी, चर्चची घंटा, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाचा वास, हे माझे मैलाचे दगड आहेत.

आता पैशाचे. आजच्या नव्या नोटांत दहापासून पाचशेपर्यंत किंमत वाढते तशी लांबी वाढते. पण शंभर आणि दोनशेच्या नोटेत फक्त ४ मिलिमीटरचा फरक आहे. शंभरावर उठावाचा त्रिकोण असतो आणि पाचशेवर गोल असतो. नोट जुनी झाली की तो झिजतो. म्हणून मी घरीच नोटा लावून घेतो. शंभराची एक घडी, पाचशेच्या दोन घड्या, बाकीच्या सरळ. वीसचे नाणे सोपे आहे, त्याला १२ कडा आहेत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये 'मनी' नावाचे ॲप काढले. ते कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची हे बोलून सांगते, इंटरनेट नसले तरी चालते. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. आणि फोनमधले 'टॉकबॅक' सुरू केले की फोनच पडद्यावरचे वाचून दाखवतो.

बंधुभगिनींनो, आता तुमच्याविषयी थोडे बोलतो. आमच्याशी बोलताना आधी आपले नाव सांगा. "ओळख बघू मी कोण?" असा खेळ करू नका. निघताना "येतो" म्हणा, नाहीतर आम्ही रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. आणि माझ्यासमोर माझ्या बायकोला "यांना चहा चालतो का?" असे विचारू नका. माझे डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे.

आपल्या भागातल्या एका पाड्यावर अकरा वर्षांची मुलगी आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण आधी दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागते. तिच्या बापाने दोनदा मजुरी बुडवली. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा कागद कमी पडला. तिसऱ्यांदा जायला तो तयार नव्हता. तेव्हा आपल्या महिला मंडळातली एक बहीण सोबत गेली, कागद आदल्या दिवशी तपासून घेतले, आणि काम झाले. ती मुलगी आज सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी शिकते आहे. त्याच दाखल्यावर एसटीच्या भाड्यात सवलतही मिळते.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला टोचते. त्याच पाड्यावरची एक आजी दोन वर्षे अंधारात होती. सगळे म्हणत, वय झाले, आता असेच चालायचे. तिला मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया फुकट होती, फक्त नेणारे कोणी नव्हते. आता ती तांदूळ निवडते, नातवंडांची तोंडे ओळखते. पण त्या वाड्यावर येणारे-जाणारे आम्ही सगळे होतो, मीसुद्धा. आंधळी आहे म्हटल्यावर कोणीच पुढे विचारले नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. नाताळात तुम्ही ब्लँकेटे देता, त्याबद्दल आभार. या वर्षी त्यासोबत आपला एक दिवस द्या. आपल्या मंडळीजवळच्या एका आंधळ्या माणसाच्या घरी जा. डोळे कधी तपासले आहेत का, ते विचारा. दाखला आहे का, ते विचारा. आणि सगळ्यात आधी त्याला काय हवे आहे, ते विचारा.

माझा मुलगा आता नववीत आहे. काल इकडे निघताना त्याला भाकर मीच वाढली. शिंके अजून त्याच जागी आहे.